प्रश्न तुमचे : ऑस्कीच्या खोलीत काय पाहिलं जातं?

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेली बहुतेक पत्रं एकाच परीक्षेबद्दल आहेत : ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झॅमिनेशन, बोलण्यात ‘ऑस्की’. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ओळीने खोल्या किंवा पडदे लावलेले कप्पे असतात, त्यांना स्टेशन म्हणतात. प्रत्येक स्टेशनवर एक ठरावीक काम असतं : छातीत दुखणाऱ्या पेशंटची हिस्ट्री घेणं म्हणजे आजाराची माहिती विचारणं, पोट तपासणं, मॅनिकिनच्या म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या हातात सलाइनची सुई लावणं, वाईट बातमी सांगणं. पाच-दहा मिनिटांनी घंटा वाजते आणि सगळे विद्यार्थी एकेक स्टेशन पुढे सरकतात. पेशंटच्या जागी बहुतेकदा त्या भूमिकेसाठी तयार केलेली धडधाकट व्यक्ती असते. मी मेडिसिन शिकवते; ही स्टेशनं लिहिते, भूमिका करणाऱ्यांना तयार करते आणि परीक्षक म्हणूनही बसते. पुढची उत्तरं या कामातूनच आली आहेत.

प्रश्न : मी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात पेशंटशी बोलताना मला काही अडत नाही. ऑस्कीत मात्र समोरच्या बाई आजारी नाहीत हे मला माहीत असतं, त्यांनाही माहीत असतं, आणि कोपऱ्यात सर कागदावर खुणा करत बसलेले असतात. ‘हे ऐकून वाईट वाटलं’ असं वाक्य मी पाठ केलंय, पण ते म्हणताना माझं मलाच खोटं वाटतं. हातही थरथरतात. मला अभिनय येत नाही. मी काय करू?

अभिनयाची काळजी आधी सोडून दे. ते काम समोरच्या बाईंचं आहे आणि त्यांनी त्याची तयारी केलेली आहे. तू त्यांचं नीट ऐकावंस आणि जे ऐकलंस त्याला धरून पुढचं विचारावंस, एवढीच अपेक्षा आहे.

मी लिहिलेलं एक स्टेशन सांगते. ते आता वापरात नाही, म्हणून उघड करायला हरकत नाही. बाई ५२ वर्षांच्या, दोन महिन्यांपासून डोकं दुखतंय. दाराबाहेरच्या कार्डावर विद्यार्थ्याला एवढंच वाचायला मिळतं, आणि खाली काम दिलेलं असतं : हिस्ट्री घ्या, तपासणी नको. बाईंच्या संहितेत मात्र आणखी एक गोष्ट होती. त्यांचा भाऊ मेंदूच्या गाठीने गेला. हे त्यांनी आपणहून सांगायचं नव्हतं. बोलण्याच्या ओघात एकदाच म्हणायचं, ‘भावाचंही असंच सुरू झालं होतं,’ आणि खाली बघायचं. पुढे विद्यार्थी काय करतो, हेच त्या स्टेशनवर पाहायचं होतं.

बरेच जण ते वाक्य ऐकायचे आणि विचारायचे, ‘उलट्या होतात का? उजेडाचा त्रास होतो का?’ प्रश्न बरोबर, क्रमही बरोबर. काही जण थांबून पाठ केलेलं सहानुभूतीचं वाक्य म्हणायचे आणि मग उलट्यांकडे वळायचे. एका मुलीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘भावाला काय झालं होतं?’ बाईंनी सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे तुम्हाला तीच भीती वाटतेय.’ बाईंनी मान हलवली. जेमतेम अर्धा मिनिट गेला असेल. त्यानंतर उलट्यांचा प्रश्न आला तेव्हा बाईंनी त्याचं उत्तर जास्त तपशिलात दिलं, कारण संहितेत तसंच लिहिलं होतं : डॉक्टरने भीती ओळखली तर मोकळेपणाने बोला. त्या मुलीला ‘पेशंटच्या मनातली काळजी जाणून घेतली’ या ओळीचे पूर्ण गुण मिळाले. तुझं पाठ केलेलं वाक्य त्यात कुठेही नव्हतं. ते वाक्य सोडून दे. वॉर्डात तू जशी बोलतेस तशीच इथे बोल.

हात थरथरतात त्याचा इलाज वेगळा आहे. कृतीचा क्रम हातात इतका बसलेला हवा, की डोकं घाबरलं तरी हात चालत राहतील. बी.पी. घेण्याचं उदाहरण घे. सगळ्यांना ते सोपं वाटतं आणि सर्वांत जास्त गुण तिथेच जातात. हात धुणं, नाव सांगणं, पेशंटचं नाव विचारून खात्री करणं, काय करणार ते सांगून परवानगी घेणं हे झालं. मग पेशंटची पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले, हात आधारावर आणि हृदयाच्या पातळीला. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, दंडाच्या मापाचा, त्याची खालची कड कोपराच्या खळगीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, कपड्यावरून नाही. आधी नाडीवर बोटं ठेवून कफ फुगवायचा आणि नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवायचा. हवा सोडायची. मग स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या २० ते ३० मिलिमीटर वर न्यायचं आणि सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या वेगाने उतरवायचं. ही नाडीची पायरी विद्यार्थी हमखास गाळतात. ती गाळली तर काही पेशंटमध्ये मधल्या शांत पट्ट्यामुळे, म्हणजे ठोक्यांचे आवाज मध्येच काही काळ ऐकू येत नाहीत म्हणून, वरचा आकडा चुकीचा, बराच कमी मोजला जातो. कारण कळलं की पायरी आपोआप लक्षात राहते. शेवटी आलेला आकडा पेशंटलाही सांग. त्या माणसाचा दंड तू दोनदा आवळला होतास.

सर हसत नाहीत, मान हलवत नाहीत, त्याचा अर्थ लावत बसू नकोस. सगळ्या विद्यार्थ्यांना सारखी वागणूक मिळावी म्हणून परीक्षकांना तसं सांगितलेलंच असतं. आणि दारावरचं कार्ड दोनदा वाच. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठी असलेल्या ब्रिटनमधल्या ‘प्लॅब’ परीक्षेच्या दुसऱ्या भागात १६ प्रसंग असतात, प्रत्येकी ८ मिनिटांचे, आणि प्रत्येकाआधी कार्ड वाचायला दीड मिनिट दिलेलं असतं. तो वेळ उगाच दिलेला नाही. ‘तपासणी नको’ असं लिहिलेलं असताना स्टेथोस्कोप काढणारे विद्यार्थी मी दर परीक्षेला पाहते.

प्रश्न : माझी मुलगी डॉक्टर होते आहे. परीक्षेत तिने प्लास्टिकच्या हातातून रक्त काढलं आणि दुखत नसलेल्या माणसाच्या पोटदुखीची चौकशी केली. जुने डॉक्टर खऱ्या पेशंटवर शिकले आणि त्यांची परीक्षाही खऱ्या पेशंटवर झाली. आता दर्जा खाली आला असं नाही का?

तुमची शंका रास्त आहे. पण खऱ्या पेशंटवरची जुनी परीक्षा कशी होती, ते आधी पाहू.

तिला लाँग केस म्हणतात, ती अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. विद्यार्थ्याला एक पेशंट दिला जायचा. तासभर तो पेशंटजवळ असायचा आणि त्या तासात त्याच्याकडे बहुधा कोणी बघत नसे. मग परीक्षक यायचे, केस ऐकायचे आणि प्रश्न विचारायचे. म्हणजे विद्यार्थ्याने पोटाला हात लावला की नाही, लावला तर नीट लावला का, हे कोणी पाहिलेलंच नसायचं. पाहिलं जायचं ते त्याचं बोलणं. शिवाय एकाच्या वाट्याला बोलका, सरळ आजाराचा पेशंट यायचा आणि दुसऱ्याच्या वाट्याला थकलेला, गुंतागुंतीचा. परीक्षकही वेगळे. नशीब चांगलं म्हणून पास आणि वाईट म्हणून नापास, असं सर्रास व्हायचं.

हे बदलायला दोन माणसं कारणीभूत झाली. पहिले हॉवर्ड बॅरोज, अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट. त्यांनी सांगितलेली एक आठवण मला फार बोलकी वाटते. न्यूरॉलॉजीच्या परीक्षेसाठी आणलेल्या एका पेशंटने त्यांना नंतर सांगितलं, की एक डॉक्टर फार धसमुसळेपणाने तपासत होता, म्हणून आपण मुद्दाम लक्षणं बदलली. तळपायाची जी प्रतिक्रिया एका पायावर दिसायची ती त्याने दुसऱ्या पायावर दाखवली. बॅरोज यांच्या लक्षात आलं, की लक्षणं शिकून दाखवता येतात. १९६३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी एका निरोगी स्त्रीला मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे पाय लुळे पडलेल्या बाईची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांना तिला तपासायला लावलं. सुरुवातीला त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. दुसरे रोनाल्ड हार्डन, स्कॉटलंडमधल्या डंडीचे. १९७५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्टेशनांची परीक्षा मांडली : एका स्टेशनवर काम करायचं, दुसऱ्यावर त्यातून काय आढळलं याची उत्तरं द्यायची, सगळ्यांना तीच कामं, तीच गुणपत्रिका, आणि कोणीतरी प्रत्यक्ष बघतंय. आज जगभर चालणाऱ्या ऑस्कीचं मूळ तिथे आहे.

आता प्लास्टिकच्या हाताबद्दल. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायला विद्यार्थ्याला येतं का, हे जिवंत माणसावर तपासताच येत नाही. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावी लागते, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी ती पूर्ण वर येऊ द्यावी लागते. मॅनिकिनच्या आतलं यंत्र हे मोजून सांगतं. नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लार्डाल यांनी १९६० मध्ये ‘रिससी ॲन’ ही बाहुली तयार केली ती तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी; छाती दाबण्याचा सराव तिच्यावर नंतर सुरू झाला. १९६८ मध्ये मायामीत मायकेल गॉर्डन यांनी ‘हार्वे’ नावाचा पुतळा दाखवला. त्याच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की निरनिराळ्या हृदयविकारांचे आवाज ऐकू येतात, मानेतल्या शिरेचे आणि नाडीचे ठोकेही जाणवतात. झडपेच्या आजाराचा एकच पेशंट शंभर मुलांपुढे दिवसभर उघड्या छातीने बसवून ठेवण्यापेक्षा हे नक्कीच माणुसकीचं आहे. तुमच्या मुलीने पहिली सुई प्लास्टिकच्या हातात टोचली, म्हणून एका खऱ्या माणसाचा हात वाचला. माझ्या मते ही दर्जाची वाढ आहे.

पण तुमच्या शंकेत एक खरी गोष्ट आहे, ती मी झाकणार नाही. अमेरिकेतले जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला. तळाला ‘माहीत आहे’, मग ‘कसं करायचं ते माहीत आहे’, मग ‘करून दाखवतो’ आणि शिखरावर ‘रोजच्या कामात करतो’. ऑस्की तिसऱ्या पायरीपर्यंत पोचते. रात्रीच्या ड्युटीत, चार पेशंट एकदम आलेले असताना, कोणी बघत नसताना तुमची मुलगी काय करेल, हे या परीक्षेला कळत नाही. त्यासाठी वरिष्ठांनी वॉर्डात तिच्या शेजारी उभं राहून तिचं काम पाहावं लागतं, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या पेशंटसोबत. ‘मिनी-सीईएक्स’ (मिनी क्लिनिकल इव्हॅल्युएशन एक्सरसाइझ) नावाची छोटी निरीक्षण-परीक्षा त्यासाठीच आहे : खऱ्या पेशंटजवळ पंधरा-वीस मिनिटं आणि लगेच फीडबॅक. ज्या ठिकाणी ऑस्की सुरू झाली म्हणून वॉर्डातलं शिकवणं कमी झालं, तिथे तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू आहे. मुलीला विचारा, या आठवड्यात तुला पेशंट तपासताना कोणी वरिष्ठांनी पाहिलं का. मला तो प्रश्न प्लास्टिकच्या हातापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : मी हौशी रंगभूमीवर काम करते. वैद्यकीय परीक्षेत पेशंटची भूमिका करण्याबद्दल मला विचारलं आहे. नाटकापेक्षा हे किती वेगळं असतं? तयारी काय करू?

जरूर करा. पण नाटकातली एक सवय दाराबाहेर ठेवावी लागेल. रंगमंचावर प्रयोग रोज थोडा वेगळा झाला तर तो जिवंत वाटतो. इथे पहिल्या विद्यार्थ्याला जी बाई भेटली, तीच बाई विसाव्याला भेटली पाहिजे. सकाळी कळ ‘दहापैकी सात’ असेल तर दुपारी कंटाळून ती पाच व्हायची नाही.

तुम्हाला दिलेल्या संहितेत तीन थर असतात. पहिलं वाक्य शब्दशः ठरलेलं. मग विचारलं तर सांगायची माहिती. आणि काही गोष्टी अशा, की त्या अमुक प्रकारे विचारल्या तरच सांगायच्या. सर्वांत अवघड हा तिसरा थर. घाबरलेला विद्यार्थी पाहून मदत करावीशी वाटते आणि उत्तर तोंडून निघून जातं. तसं झालं की त्या मुलाला न विचारताच गुण मिळतात आणि आधीच्या मुलांवर अन्याय होतो. संहितेत नसलेलं काही विचारलं, समजा ‘लहानपणी कावीळ झाली होती का’, तर ‘आठवत नाही’ किंवा ‘नाही’ हे सुरक्षित उत्तर. मनाने काही रचू नका. तुम्ही सहज म्हणालेल्या एका वाक्याने विद्यार्थी भलत्याच आजाराच्या मागे लागतो.

शारीरिक लक्षणांचा सराव शिकवणाऱ्या डॉक्टरांसोबत करा. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दाबल्यावर दुखतं, असं दाखवायचं असेल तर नेमकं कुठे, किती दाबल्यावर, चेहरा आधी आकसतो की हात आधी येतो, हे त्यांच्या बोटांखाली बसवून घ्या. डॉक्टरांनी दाबलेला हात एकदम उचलला की जास्त दुखतं, हेही बऱ्याचदा दाखवायचं असतं. वाढलेलं यकृत किंवा हृदयातली फुरफुर मात्र कोणालाच दाखवता येत नाही. तिथे परीक्षक निष्कर्षाचं कार्ड देतात किंवा पुतळा वापरतात. लंडनचे सर्जन रॉजर नीबोन यांनी दोन्ही एकत्र आणले : भूमिका करणाऱ्या माणसाच्या अंगावर टाके घालायची नकली त्वचा बांधायची. विद्यार्थ्याला टाके घालता घालता माणसाशी बोलावंही लागतं. तुम्हाला असं काम मिळालं तर घ्या, ते फार शिकवणारं असतं.

दोन गोष्टी आयोजकांकडून आधीच पक्क्या करून घ्या. अंगाच्या कुठल्या भागाची तपासणी होणार आणि कुठली होणार नाही. आणि दिवसात किती वेळा. एकाच जागी वीस जणांनी दाबलं की तिथे खरंच दुखायला लागतं, म्हणून मध्ये विश्रांती आणि बदली माणूस हवा. आणखी एक. मृत्यूची बातमी ऐकणाऱ्या आईची भूमिका दिवसभर केली तर ती सहज उतरत नाही. काम संपल्यावर पाच-दहा मिनिटं शिकवणाऱ्यांसोबत बसून, आपलं खरं नाव घेऊन, दुसऱ्याच कशाबद्दल बोलून मग निघायचं, अशी पद्धत चांगल्या ठिकाणी असते. नसेल तर मागा. ज्या दुःखातून तुम्ही स्वतः नुकत्याच गेला आहात, तसली भूमिका घेऊच नका. नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शेवटी तुम्हाला बहुधा एक प्रश्न विचारतील : या डॉक्टरकडे तुम्ही परत जाल का? त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. ते मत फक्त तुम्हीच देऊ शकता.

प्रश्न : मी नवा अधिव्याख्याता आहे. आमच्या विभागात मला ऑस्कीची गुणपत्रिका बनवायला सांगितलं आहे. प्रत्येक पायरीला एक गुण अशी लांब चेकलिस्ट केली. ज्येष्ठ म्हणतात, याने हुशार मुलंच मार खातात. पासची रेषा सरळ ५० टक्के ठेवली तर चालेल का?

तुमचे ज्येष्ठ बरोबर सांगतात, आणि त्यांच्या बाजूने पुरावा आहे. १९९९ मध्ये टोरांटोच्या ब्रायन हॉजेस आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि अनुभवी डॉक्टर, तिघांनाही तीच स्टेशनं दिली. जसा अनुभव वाढला तसे परीक्षकांच्या एकूण मताचे गुण वाढले, चेकलिस्टचे मात्र घटले. अनुभवी डॉक्टर पहिल्या दोन उत्तरांतच दिशा पकडतो आणि नेमक्या जागी खोल जातो. वीस प्रश्नांची माळ तो ओढत नाही, म्हणून त्याच्या पुढे खुणा कमी पडतात. हस्तकौशल्याच्या स्टेशनवर चेकलिस्ट चांगली चालते, कारण निर्जंतुक हातमोज्याला बाहेरून हात लागला की नाही, हे स्पष्ट हो किंवा नाही असतं. संवादाच्या स्टेशनवर ती तोकडी पडते. तिथे ओळी कमी ठेवा, एकत्र बांधा आणि जे खरंच निर्णायक आहे त्याला जास्त गुण द्या. ‘दुखण्याबद्दल पद्धतशीर विचारलं : नाही / अर्धवट / पूर्ण’ अशी एक ओळ आठ ओळींपेक्षा बरी. शेवटी परीक्षकाचं एकूण मत हवंच : स्पष्ट नापास, काठावर, पास, उत्तम.

हे एकूण मत तुमच्या दुसऱ्या प्रश्नालाही उपयोगी आहे. सरसकट ५० टक्के ठेवू नका. एक स्टेशन मुळातच अवघड असतं, एक सोपं. दोन्हीकडे तीच रेषा म्हणजे एकीकडे चांगल्यांवर अन्याय आणि दुसरीकडे कच्च्यांना मोकळी वाट. एका स्टेशनवरच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे गुण उभ्या अक्षावर आणि परीक्षकाचं एकूण मत आडव्या अक्षावर मांडा. त्या ठिपक्यांमधून सरळ रेषा काढा. ‘काठावर’ या मतापाशी ती रेषा जो गुण दाखवेल, तो त्या स्टेशनचा पासचा गुण. याला बॉर्डरलाइन रिग्रेशन म्हणतात. साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं. स्टेशन अवघड असेल तर रेषा आपोआप खाली येते. विद्यार्थी अगदी थोडे असतील तर मात्र ही रेषा डळमळते. तेव्हा परीक्षेआधी चार-पाच अनुभवी शिक्षकांनी एकत्र बसून, काठावरचा विद्यार्थी प्रत्येक ओळीत काय करेल, याचा अंदाज बांधून रेषा ठरवावी.

परीक्षकांवर वेळ घालवा. काही हात आखडून गुण देतात, काही सढळपणे. परीक्षेआधी सगळ्यांना एकाच विद्यार्थ्याचं चित्रीकरण दाखवा, स्वतंत्रपणे गुण द्यायला सांगा आणि मग फरकांवर बोला. अर्ध्या तासाच्या या बैठकीचा जितका उपयोग होतो तितका नव्या फॉर्मचा होत नाही. आणि त्यांना स्पष्ट सांगा : परीक्षेच्या खोलीत शिकवायचं नाही, भुवई उंचावून सूचना द्यायची नाही. आपल्याला शिक्षक म्हणून ते फार जड जातं, मला ठाऊक आहे.

स्टेशनांची संख्या वाढवता आली तर वाढवा. छातीचं स्टेशन उत्तम करणारा मुलगा पोटाच्या स्टेशनवर गडबडतो, हे नेहमीचं आहे. चार स्टेशनांवरून कोणाबद्दलही मत बनवणं धोक्याचं.

प्रश्न : अमेरिकेने पेशंटच्या भूमिकेवर आधारलेली ही परीक्षा बंद केली म्हणे. मग बाकीच्यांनी ती का चालू ठेवावी?

बंद झाली ती डॉक्टरकीच्या परवान्यासाठीची एक परीक्षा, ‘स्टेप टू सीएस’. २००४ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे थांबली आणि २०२१ च्या जानेवारीत ती परत घेणार नाही असं जाहीर झालं. कॅनडानेही १९९२ पासूनची आपली तशी परीक्षा २०२१ मध्ये बंद केली. अमेरिकेतल्या परीक्षेवर साथीच्या आधीपासून आक्षेप होते : मोजक्या शहरांतली केंद्रं, मोठं शुल्क, प्रवासाचा खर्च, आणि निकालात फक्त पास किंवा नापास. विद्यार्थ्याला आपलं कुठे कमी पडलं ते कळायचं नाही. हे आक्षेप मला पटतात. पण तिथल्या महाविद्यालयांनी आपापल्या ऑस्की चालू ठेवल्या आहेत, आणि माझ्या मते या परीक्षेची खरी जागा तीच आहे, जिथे संध्याकाळी विद्यार्थ्याला समोर बसवून ‘इथे तू घाई केलीस’ असं सांगता येतं.

प्रश्न : एका स्टेशनवर माझं पूर्ण विस्कटलं. पुढच्या तीन स्टेशनांवर तेच डोक्यात होतं. सगळं संपलं का?

बहुधा नाही. बऱ्याच परीक्षांत एका स्टेशनचे कमी गुण दुसरीकडे भरून निघतात. काही ठिकाणी ठरावीक संख्येची स्टेशनं पास व्हावीच लागतात. तुमच्याकडे कोणता नियम आहे, तो विभागात विचारून घ्या. पुढच्या खोलीतल्या परीक्षकाला मागच्या खोलीत काय झालं ते माहीत नसतं, त्याच्यासमोर कोरी गुणपत्रिका असते. दोन स्टेशनांमधल्या वेळात एकच काम करायचं, पुढचं कार्ड मनात का होईना पण शब्द न शब्द वाचायचं. मागच्याचा विचार करायला तिथे जागाच उरत नाही.

प्रश्न : आमच्याकडे स्किल लॅब आठवड्यातून एकदाच मिळते. आम्ही तिघी मैत्रिणी खोलीवर सराव करतो, पण चेकलिस्ट पाठ म्हणण्यापलीकडे काही होत नाही. कसा करावा?

तिघी आहात हे छान. एक डॉक्टर, एक पेशंट, एक निरीक्षक. पेशंट होणारीने केस स्वतः लिहायची आणि डॉक्टर होणारीला आधी दाखवायची नाही. वॉर्डात पाहिलेल्या पेशंटवरून लिहा, नाव-गाव बदलून. केसमध्ये एक गोष्ट अशी ठेवा, की ती नीट ऐकल्याशिवाय सापडणार नाही : औषध मध्येच सोडलंय, किंवा घरी कोणाला आजार सांगितलेला नाही. पाठ केलेली यादी तिथे लगेच उघडी पडते.

झाल्यावर आधी पेशंट झालेलीने बोलायचं, कुठे बरं वाटलं आणि कुठे तुटल्यासारखं वाटलं. मग डॉक्टर झालेलीने. निरीक्षक शेवटी, आणि तिने ऐकलेले नेमके शब्द सांगायचे. ‘तू छान बोललीस’ याचा उपयोग नसतो. ‘ती रडवेली झाली तेव्हा तू कागदाकडे बघत होतीस’ याचा होतो. मग भूमिका बदला. पेशंट होण्याचा कंटाळा करू नका. प्रश्नांची सरबत्ती अंगावर आल्यावर कसं वाटतं, ते त्या खुर्चीतच कळतं.

समजावून सांगण्याच्या स्टेशनांसाठी वैद्यकशास्त्राशी संबंध नसलेलं घरातलं माणूस पकडा. इनहेलर कसा घ्यायचा, ते त्यांना शिकवा : हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठांत घट्ट धरा, सावकाश श्वास आत घेऊ लागतानाच दाबा, खोलवर घ्या, दहा सेकंद रोखून धरा; दुसरा पफ हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा. मग रिकामा इनहेलर त्यांच्या हातात देऊन म्हणा, ‘आता तुम्ही मला दाखवा.’ ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ते दाबतील आधी आणि श्वास घेतील नंतर, अशी शक्यता बरीच आहे. तसं झालं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगू नका, तेवढीच एक पायरी तुमच्या हाताने करून दाखवा आणि परत त्यांच्या हातात द्या.